रोमानियन फिल्म फेस्टिव्हलला आईला नेऊ का?

शनिवारी इथे सिॲटलला व्हॉलंटियर चालवतात त्या छोट्या थिएटरात रोमानियन दिग्दर्शक मुंजिऊचा '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज' हा २००७ साली कान्स फेस्टिव्हलला पाम द'ओर (तिथलं सर्वोच्च बक्षीस) मिळालेला पिक्चर आहे, आई भारतातून आलीय, तिला झेपेल का?

– ने की, पण विषय आधी सांग हं. १९८७चा रोमानियातला हुकूमशहा चाउशेस्कूचा काळ, गर्भपाताला बंदी, दोन मैत्रिणी नि हॉटेलची खोली. त्यातला जेवणाच्या टेबलाचा सीन, कॅमेरा हलतच नाही, सगळे बडबडतायत नि त्या दोघींतली एक मधोमध गप्प, माझ्या घशाखाली पाणी उतरेना.

– ताई, पार्श्वसंगीत नाहीये, म्हणून थिएटरातच बघा. पुढे बसा, मागून सबटायटल डोक्यांआड जातात.

– थँक्यू, आईला सगळं सांगितलं, येते म्हणाली.