ठाणे-नवी मुंबईला ड्राइव्ह-इन थिएटर हवं की नको?

कोपरीकर: परवा मुंबईत बीकेसीच्या जिओ ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीतच बसून मोठ्या पडद्यावर पिक्चर बघायच्या थिएटरला, जाऊन आलो. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेलं, मॉलच्या गच्चीवर, २९० गाड्यांची सोय. पिक्चर यथातथाच. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थिएटरचं नाव काढू न देणाऱ्या आमच्या बाबांनी पुढची सीट मागे ढकलून, पाय लांब करून तो शेवटपर्यंत बघितला. दर दहा मिनिटांनी मोठ्यांदा "हा कोण? मघाचाच का?" चाललं होतं, आणि शुक् शुक् करायला शेजारी कुणीच नाही! तिकडे नवी मुंबईत उलव्याला एवढी जागा पडून आहे. आपल्याकडे का नको?

नौपाड्याचा नाना: नकोच. सिनेमा बघायला गाडी लागते हेच मला पटत नाही. वंदना टॉकीज गेली तरी एसटी स्टँडला आपण अजून वंदनाच म्हणतो, ते काय पार्किंग चांगलं होतं म्हणून? काचा वर करून चौघांनीच हसायचं तर घरचा टीव्ही काय वाईट आहे?
गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवं पांढरं कापड बांधायचे. पुढची जागा मोठी पोरं धरायची, आम्ही लहान पोरं कापडाच्या मागे. नावं सगळी उलटी दिसायची आणि हिरो डावखुरा. पुढे तोच पिक्चर टॉकीजला बघितला तेव्हा तो उजव्या हाताने ठोसे मारत होता, मला फसवल्यासारखं वाटलं.

कोपरीकर: नाना, डावखुरा हिरो मान्य. पण आज रस्त्यात कापड बांधून दाखवा! आणि ड्राइव्ह-इन ही मुळात बड्या लोकांची चैन नव्हे. हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने १९३३ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला पहिलं काढलं. आधी घराच्या अंगणात गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून झाडांना ठोकलेल्या चादरीवर पिक्चर टाकून बघितला. मागच्या गाडीला पुढचीचं टप आड येऊ नये म्हणून पुढची चाकं उंचावर चढवायची युक्ती काढली. पावसात कसं दिसेल म्हणून गाडीवर पाणी मारून पण बघितलं. तिकीट गाडीला २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि अख्ख्या गाडीचं मिळून एका डॉलरच्या वर नाही. पोराबाळांच्या घराला परवडावं हाच हिशोब.

घणसोलीची: पाणी मारून बघितलं म्हणे! त्याला जुलैत आमच्या सेक्टरला पाठवा. चार महिने पाऊस. काचा लावल्या तर एसीसाठी इंजिन चालू, उघडल्या तर खाडीचे डास. वायपरच्या तालावर पिक्चर बघणार का?
खरी गोम धंद्यात आहे. अंधार पडल्याशिवाय पडदा दिसत नाही, म्हणजे दिवसाला फार तर दोन खेळ. मल्टिप्लेक्सचा एकेक पडदा सकाळपासून राबतो. शिवाय दोन-तीनशे गाड्या मावतील एवढी जमीन दिवसभर उन्हात नुसती वाळत पडणार. अमेरिकेत १९५८ च्या सुमारास चारेक हजार ड्राइव्ह-इन होती. जमिनीला भाव आला आणि बऱ्याच ठिकाणी मालकांनी विकून टाकली. बांद्र्याचं जुनं ड्राइव्ह-इन आठवतंय ना? आता तिथे काचेच्या इमारती आहेत. आणि उलव्याला जागा 'पडून' आहे? विमानतळ आल्यापासून तिथला भाव विचारून बघा एकदा.

वाशीचा भाचा: तुम्ही सगळे गाडीतच अडकलात. अहमदाबादला थलतेजचं सनसेट ड्राइव्ह-इन १९७३ पासून आहे, ६६५ गाड्यांचं. मी गेलो तेव्हा गाडीत कोण बसलं होतं? गाद्या खाली अंथरलेल्या, डबे उघडलेले, पोरं चाकांमधून पकडापकडी खेळतायत. आमच्या पुढच्या आजी तर इंटरव्हलच्या आधीच गाढ झोपलेल्या.
कायमचं थिएटर नकोच. डिसेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरचं पार्किंग मागायचं. आवाज गाडीच्या एफएमवर. अर्धी जागा गाड्यांना, अर्धी स्कूटरवाल्यांना आणि सतरंजीवाल्यांना. पाऊस नाही, जमीन विकत घ्यायला नको.

घणसोलीची: तीन महिन्यांसाठी चालेल. डासांचं मात्र बोलला नाहीस.

नौपाड्याचा नाना: सतरंजी असेल तर मी येतो, लोकलने. पडद्याची मागची बाजू मोकळी ठेवा फक्त.

घणसोलीची: नाना, आता एलईडीचा पडदा लावतील. मागून नुसत्या वायरी दिसतील.