मदत हवी आहे: गोधडीच्या तुकड्यांसाठी कोणती इस्त्री घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

आईच्या बारा साड्या माझ्याकडे आहेत, रोजच्या नेसायच्या, बहुतेक सुती आणि त्यात तीन इरकल. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी ठरवलं की साड्या कपाटात ठेवून विरून जाण्यापेक्षा तिघांना तीन गोधड्या करायच्या आणि शिवणकाम मला येतं म्हणून काम माझ्याकडे आलं. आजी गोधडी करायची तेव्हा इस्त्री वगैरे काही नव्हती, जमिनीवर धोतर अंथरायचं, वर साड्यांचे थर, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे आणि कडेने धावदोरा घालत आत आत जायचं. पण मी वरचा थर चौकोनी तुकड्यांचा करतेय, 6 इंची तुकडे, मशीनवर जोडून मग आत जुनं धोतर घालून हाताने टाके. आणि तुकडे जोडायचे म्हटलं की प्रत्येक शिवणीनंतर माया (शिवणीबाहेर सोडलेली कापडाची पट्टी) दाबून बसवावीच लागते, नाहीतर चार तुकड्यांचे कोपरे एकमेकांना भेटतच नाहीत, हे मी पहिल्या दोन रांगा उसवल्यावर शिकले.

तर झालं असं. घरात जुनी साधी इस्त्री आहे, वायर टोकाशी उघडी पडलेली, डायल फिरतो पण कुठेही ठेवला तरी तेवढीच तापते असं वाटतं. गेल्या रविवारी इरकलच्या पदरावर ठेवली आणि उचलताना कापड सोबतच वर आलं. जळका प्लास्टिकसारखा वास. पदरावर इस्त्रीच्या टोकाचा आकार उमटलाय, कडेला चकचकीत आणि मध्ये कडक झालेला, बोटाने वाकवला की कुरकुर वाजतो. इस्त्रीच्या तळाला काळा थर बसलाय तो वेगळाच. त्या पदराला आई हात पुसायची. मी त्या दिवशी पुढे काही केलंच नाही.

आता नवीन इस्त्री घ्यायचीच आहे. दुकानदार म्हणतो स्टीमचीच घ्या, साधी कोण घेतं आता. मैत्रीण म्हणते जड, साधी घे. माझे प्रश्न असे:

स्टीम की साधी? स्टीमने तुकडे ताणले जातात का? दुसरं, आमचं घर जुनं आहे, माझ्या शिवणाच्या खोलीत फक्त लहान पिनांचा प्लग आहे, सध्या मशीन आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चालतात आणि इस्त्री लावली की ट्यूब मिणमिणते, हे धोक्याचं आहे का? तिसरं, पाणी बोअरचं आहे, स्टीमच्या इस्त्रीत चालेल का? आणि सुती साडी जळलीच कशी, डायल तर कॉटनवरच होता?

प्रतिसाद:

ताई, आधी ती जुनी इस्त्री बंद करा, आजच. वायर उघडी आणि तापमान धरत नाही म्हणजे थर्मोस्टॅट (ताप कमी-जास्त राखणारा भाग) गेलेला असू शकतो, दुरुस्तीसुद्धा करू नका, खर्च फुकट जाईल. माझी अठ्ठावीस वर्षं टेलरिंगमध्ये गेली.

साधी घ्या. तुकड्यांच्या कामात इस्त्री फिरवायची नसते, टेकवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे टेकवायची. फिरवली की चौकोनाचा पतंग होतो, विशेषतः क्रॉसमध्ये, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर, आणि ओलं असताना जास्तच. जिथे घडी हट्टी असेल तिथे ओला रुमाल पिळून वर टाका आणि दाबा, हवी तेवढीच वाफ मिळते. आधी शिवण आहे तशी बंद ठेवून वरून दाबा, मग उघडून माया गडद तुकड्याकडे वळवा, फिक्या रंगातून ती दिसत नाही.

प्लगचं सांगतो. लहान पिनांचा प्लग 6 अँपिअरचा असतो. 1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर घेते, म्हणजे चालते. स्टीमच्या 1600 वॉटला सात लागतात, तिला मोठ्या पिनांचा 16 अँपिअरचाच प्लग हवा. तेव्हा 1000 वॉटची, आयएसआय मार्क बघून, तीन पिनांची घ्या, आणि भिंतीतल्या प्लगमध्ये थेट लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन राहू द्या, इस्त्री नको, पातळ वायर आतून तापते आणि बाहेरून कळत नाही. ट्यूब मिणमिणते म्हणजे कुठेतरी जोड ढिला किंवा वायर कमी पडतेय, वायरमनला बोलवा, अर्थिंगही तपासायला सांगा.

प्रतिसाद:

ताई, वाचून गलबलून आलं. पदराचं मला माहीत आहे कारण आमच्याकडे इरकल खूप. इरकलचं अंग सुती असलं तरी काठ आणि पदर बऱ्याचदा आर्ट सिल्कचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे, असतात, पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडलेला असतो. त्यामुळे एकाच साडीत दोन स्वभावाची कापडं. तुमच्या पदरात पॉलिएस्टरचा धागा असणार, म्हणून वितळलं. प्रत्येक साडीच्या अंगाचा, काठाचा आणि पदराचा एकेक दोरा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुती असेल तर कागदासारखा वास आणि मऊ राख, पॉलिएस्टर असेल तर थेंब होऊन कडक गोळी. गोळी झाली तर इस्त्रीच्या डायलवर एका टिंबाची खूण, म्हणजे सगळ्यात कमी ताप, आणि वर मांजरपाटाचा तुकडा टाकूनच दाबा.

खाली काय घेता? मी घोंगडीची चार पदरी घडी घालते आणि वर जुनी सुती चादर, लोकर ताप धरून ठेवते त्यामुळे खालूनही दाब बसतो आणि शिवण सपाट येते. बोअरच्या पाण्याचं, स्टीम घेतलीच तर कधी भरू नका, भोकं क्षाराने बुजतात आणि पिवळट ठिपके कापडावर पडतात. आणि भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, पेस्ट-बर्फ नको. इस्त्री जमिनीवर असेल आणि घरात लहान मूल असेल तर वायर आपल्या बाजूला ठेवा, लोंबती वायर ओढली जातेच.

मूळ धागालेखिका:

दादा, ताई, खूप खूप आभार. जुनी इस्त्री काल वायर कापून भंगारात दिली, कोणी परत लावू नये म्हणून. वायरमन उद्या येतोय, 1000 वॉटची साधी जड इस्त्री सांगून आलेय.

आत्ता बसून बारा साड्यांचे दोरे जाळले. तिन्ही इरकलच्या पदरांची गोळी झाली, अंगाची राख. आणि जी मी बिनधास्त सुती समजत होते, ती निळी चौकड्याची, तिचीही गोळी झाली, ती आता सगळ्यात शेवटी आणि मांजरपाट टाकूनच.

जळलेल्या पदराबद्दल एक विचारायचं राहिलं. तो तुकडा टाकून द्यावासा वाटत नाही, पण कडक झालेल्या भागात सुई जात नाही. खालून सुती अस्तर लावून, फक्त चांगल्या कडेने टाके घेतले तर धुण्यात टिकेल का?