मदत हवी आहे: ‘स्थळ’नंतर अंगणात कोणता सिनेमा लावू?

तापीकाठी

नमस्कार मंडळी. जरा पेच पडलाय, जाणकारांनी वाट दाखवावी.

आमच्याकडे चोपडा तालुक्यात तीन चुलत घरांचं मिळून एक मोठं अंगण आहे. धाकट्या भावाने सेकंडहँड प्रोजेक्टर आणल्यापासून अधूनमधून रात्री तिथे सिनेमा लागतो. तिकीट नाही, वर्गणी नाही. घरचीच माणसं, भाऊबंद आणि लागून असलेली दोन-चार घरं. बाया भांडी उरकून येतात, पोरं जेवण झाल्याझाल्या सतरंजीवर जागा धरतात. थिएटरात मराठी सिनेमा बघायचा तर आम्हाला जळगाव गाठावं लागतं. ‘चांगला आहे’ असं आमच्या कानावर येईस्तोवर तो उतरलेला असतो, आणि असलाच तर खेळ अशा वेळेला की परतीची शेवटची गाडी चुकते. म्हणून हा घरचा उद्योग.

मागच्या खेपेला मी ‘स्थळ’ लावला. जयंत सोमलकरांचा, 2025 च्या मार्चमध्ये आलेला. टोरोंटोच्या महोत्सवात त्याला 2023 साली नेटपॅक (आशियाई सिनेमांसाठीचा) पुरस्कार मिळालाय, पण ते मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. पुरस्कार म्हटला की आमचे नाना उशी घेऊनच येतात. विदर्भातलं गाव, कपाशीचा शेतकरी, त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी सविता आणि बघायला येणारे पाहुणे. बहुतेक माणसं पडद्यावर पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे नटनट्या बघतोय असं वाटतच नाही.

सुरुवातीला उलटा प्रसंग आहे, बाया बसल्यात आणि नवऱ्या मुलाला प्रश्न विचारतायत. पोरं खो-खो हसली. मग तेच प्रश्न सविताला सुरू झाले. नाव काय, उंची किती, शिक्षण किती. पहिल्या पाहुण्यांना हसणं थोडं उरलं होतं. पुढच्या खेपेला मोठी काकू शेंगा फोडायची थांबली आणि म्हणाली, “हाई ते आपला घरनंच से.” कपाशीला भाव नाही, हुंड्याचा आकडा बसत नाही, हे चालू असताना आमचे एक काका मोटार बंद करून येतो म्हणून उठले ते आलेच नाहीत. त्यांच्या मुलीला सध्या स्थळं येतायत. दुसऱ्या दिवशी काकू मात्र मला विहिरीजवळ गाठून विचारत होती, तो पिच्चर दुपारी आम्हा बायांनाच परत लावशील का?

सिनेमा संपल्यावर बाया उशिरापर्यंत ओट्यावर बसून होत्या. कुणाला किती जणांनी पाहिलं, कुणाला चालून दाखवायला लावलं, कुणाचा रंग काढला, सगळं बाहेर आलं. मी घरात इतक्या वर्षांत यातलं काही ऐकलं नव्हतं.

आता अडचण ही. निम्मी मंडळी म्हणतात, “आते काही हासानं लाव रे भाऊ.” बाया म्हणतात, असाच काहीतरी आण. पोरांना मारामारी हवी. आणि मला पुन्हा एकदा सिनेमा संपल्यावर कुणी लगेच उठू नये, एवढंच हवंय.

काय काय झालंय तेही सांगतो. ‘वाळवी’ लावला होता. परेश मोकाशींचा मला फार आवडतो आणि पुरुष मंडळी जाम खुश होती, पण आजी शेवटपर्यंत विचारत राहिली, “मेली का ती?” आणि संपल्यावर बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, सगळे शांतपणे झोपायला गेले. ‘बाईपण भारी देवा’ बायांनी क्रूझर करून जळगावला जाऊन पाहिलाय, तो नको. ‘आत्मपॅम्फ्लेट’ माझा जीव की प्राण, पण त्यात निवेदन इतकं पळतं आणि देशातल्या घडामोडी इतक्या भराभर येऊन जातात की आमच्या ओट्यावर तो टिकेल असं वाटत नाही. कुणी दाखवला असेल तर सांगा, मी चूक ठरलो तर आनंदच आहे.

अटी अशा: तीन पिढ्या एकत्र बसतात, तेव्हा माना खाली घालायची वेळ नको. फार लांबट नको. आजीला कमी ऐकू येतं. नुसती नावांची यादी देऊ नका, ती मलाही सापडते. तुम्ही कुणाबरोबर पाहिला आणि पाहून झाल्यावर काय झालं ते लिहा.

शहाद्याची लेक

दादा, डोळे मिटून ‘आता थांबायचं नाय!’ लावा. शिवराज वायचळ यांचा, 1 मे 2025 ला आला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, घडलेल्या गोष्टीवर आहे. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आणि त्यांना शाळेत ढकलणारा अधिकारी म्हणजे आशुतोष गोवारीकर.

खरं सांगायचं तर मला तो जरा गोडच वाटला. कुठे रडायचं ते संगीत आधीच सांगतं, आणि पुढे काय होणार ते अर्ध्यातच कळतं. पण मी तो सासूबाई, दोन जावा आणि शेतात कामाला येणाऱ्या मावशींबरोबर पाहिला. मावशींची शाळा पाचवीनंतर सुटलेली. सिनेमात गणिताचा पेपर आला तेव्हा त्या पदराने घाम पुसत होत्या, पंखा चालू असताना! संपल्यावर पहिला प्रश्न त्यांचाच, “तो 17 नंबरचा फॉर्म कुठे भेटतो वो ताई?” म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. धाकट्या जावेनेही मग हळूच विचारलं. दोघींचे कागद मी शाळेत नेऊन दिलेत. तुम्हाला हसणंही हवंय आणि बोलणंही, दोन्ही आहे यात.

भुसावळ जंक्शन

मी ‘दशावतार’ म्हणेन. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी पार केल्यावर केलेलं काम आहे आणि ते बघायला माणसाने पायी जावं. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, त्याचा मुलगा आणि गावावर येऊ घातलेली खाण. मालवणी आपल्या लोकांना कळत नाही म्हणतात ते खोटं, माझ्या आईने एकही शब्द विचारला नाही. पूर्वार्धातलं बापलेकाचं नातं फार सुंदर. उत्तरार्धात सूड सुरू झाला की सिनेमा ताणला जातो, पण तुमच्या पोरांना जे हवंय ते तिथेच आहे. तक्रार एकच: लांबीला मोठा आहे, आणि अंधारातले प्रसंग भरपूर. घरगुती प्रोजेक्टरवर ते नुसते काळे दिसतात.

त्यावरून आठवलं, पौर्णिमेच्या आसपास लावत जाऊ नका. लख्ख चांदण्यात पडदा फिका पडतो.

एरंडोलकर

‘जारण’ कुणी सुचवायच्या आत बोलतो. अमृता सुभाषने कमाल काम केलंय, अनिता दातेही अंगावर येते. पण आमच्या वाड्यात दाखवला आणि मला पस्तावायची पाळी आली. सिनेमा मनाच्या आजाराबद्दल बोलू पाहतो, आमच्याकडच्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र त्यातून ‘करणी असते’ एवढंच घेतलं. नंतर आठवडाभर कुणाच्या दारात लिंबू दिसलं यावर चर्चा. समजावून सांगणारं कुणी सोबत असेल तरच लावा.

पुण्यात अडकलेला धुळेकर

अहो, तुम्ही खान्देशात बसून इतका विचार करताय आणि ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ एकाच्याही डोक्यात नाही? हिंदी आहे, मान्य. पण मालेगाव आपल्या धुळ्याहून तासाभरावर आहे भो, कोकण किती लांब!

रीमा कागती यांचा, फेब्रुवारी 2025 मध्ये थिएटरात आला. नासिर शेख नावाचा व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस मित्रांना गोळा करून ‘शोले’ची मालेगावी नक्कल काढतो, ही खरी गोष्ट. लिहिणारा फरोग, यंत्रमागावर राबणारा शफीक, हीही खरीच माणसं. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग, शशांक अरोरा तिघांनी जीव ओतलाय. फैझा अहमद खान यांचा 2008 चा माहितीपट याच मंडळींवर आहे, तोही मिळाला तर नंतर कधीतरी बघा. सिनेमात जे रंगवलंय ते माहितीपटात साध्या कॅमेऱ्यासमोर घडताना दिसतं आणि जास्त लागतं.

मी सुट्टीत आलो तेव्हा आई, वडील आणि वडिलांच्या दोन मित्रांबरोबर पाहिला. मित्रांपैकी एक जण तरुणपणी यात्रेत तंबूच्या थेटरात गेटवर उभे राहायचे. सायकलला बांधून कॅमेरा फिरवतात तसले जुगाड बघून ते इतके हसले की चहा सांडला. शेवटाबद्दल काही बोलत नाही. इतकंच की वडील आणि ते मित्र नंतर गच्चीवर गेले आणि कॉलेजात बसवलेल्या, पण कधीच न झालेल्या एका नाटकाबद्दल भांडत बसले. कुणी पैसे खाल्ले, कुणी नायिकेला चिठ्ठी दिली… आई खालून ओरडली तेव्हा झोपले.

तुमच्या पोरांना तर हाच दाखवा. त्यांच्या हातात मोबाईल आहे, दुसऱ्या दिवशी काहीतरी शूट करायला लागतील.

वाचक

‘साबर बोंडं’ बघितला का कुणी? रोहन कानवडेंच्या या सिनेमाला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचं सुतक, आणि बालपणीच्या मित्राशी जुळत जाणारं प्रेमाचं नातं. माझ्या मते त्या वर्षातला सर्वात हळुवार मराठी सिनेमा. नातेवाइकांची टोचणी, ‘लग्नाचं काय?’ हे पालुपद, सुतकातले नियम, सगळं अगदी आपल्याकडचं.

तापीकाठी

@वाचक, मी पाहिलाय, एकट्याने. आईचं पात्र तर असं की फार थोडं बोलते आणि सगळं ओळखून असते. पण ‘स्थळ’नंतर लगेच हा लावला तर काका मंडळी अंगणात यायचीच बंद होतील. आधी बायांना दुपारी दाखवीन म्हणतो. माझा अंदाज आहे की त्या पुरुषांपेक्षा शांतपणे बघतील.

@शहाद्याची लेक, ताई, 17 नंबरच्या फॉर्मचं वाचून आमच्या घरातल्या दोघी डोळ्यासमोर आल्या. एकीने लग्न ठरलं म्हणून दहावीची परीक्षाच दिली नव्हती.

@धुळेकर, आजीला हिंदी नीट कळत नाही, हीच भीती.

पुण्यात अडकलेला धुळेकर

आजीला हिंदी मालिका कळतात का? मग हेही कळेल.

तापीकाठी

मालिका कळतात. सुनांपेक्षा जास्त कळतात. 😄

सातपुड्याच्या पायथ्याशी

जरा रुक्ष बोलतो, राग मानू नका. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. घरची माणसं बसतायत तोवर ठीक, पण उद्या गल्लीभर बोर्ड लावला, मंडळाने गणपतीत लावायला मागितला किंवा पाच-दहा रुपये गोळा केले, तर तो जाहीर खेळ होतो आणि हक्क असलेल्या निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी लागते. छोट्या सिनेमांचे लोक पुष्कळदा आनंदाने बोलतात, एक मेल टाकून बघायचा. कुणाकडून पेनड्राइव्हवर आणू नका. आधीच आपले सिनेमे आठवडाभर टिकत नाहीत.

दुसरं, तुमच्याकडे शेतीची लाईट कुठल्या आठवड्यात रात्रीची असते ते बघूनच तारीख धरा. आमच्याकडे एकदा ऐन मध्यंतरात अर्धे पुरुष पाणी द्यायला निघून गेले. शेवट काय झाला ते मला दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून सांगावं लागलं, आणि मी सांगितलेला शेवट त्यांना पटला नाही!

तापीकाठी

लाईटचं बरोबर. या आठवड्यात रात्रीचीच आहे, पुढच्या सोमवारपासून दिवसाची होते. परवानगीचंही ध्यानात ठेवतो. मंडळाच्या पोरांचा डोळा आहेच प्रोजेक्टरवर, त्यांना हेच वाचायला देतो.

ठरवलं असं. पुढच्या शनिवारी ‘आता थांबायचं नाय!’. गोड असला तर असू दे, ‘स्थळ’नंतर थोडं गोड आमच्या काकांना चालेल, म्हणजे ते निदान परत येतील. त्यानंतर मालेगाव. ‘दशावतार’ मे महिन्यात, मुंबई-सुरतची पोरं आली की. तेव्हा अंधार पडायलाच साडेसात होतात, पण सकाळी शाळा नसते. ‘जारण’ सध्या बाजूला. आणि काकूने मागितलेला ‘स्थळ’चा दुपारचा खेळ या बुधवारी, खोलीत पडदे ओढून. काकांना सांगितलेलं नाही.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. आजीसाठी आवाज कसा करावा? लग्नातला एक मोठा बॉक्स मागे ठेवतो, तर पुढे संवाद घुमतात आणि मागे पोरांचे कान बसतात.

भुसावळ जंक्शन

तो बॉक्स परत करा. त्यातून नुसती धडधड येते. दोन लहान स्पीकर घ्या आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा. बेस अगदी कमी, ट्रेबल थोडा वर, म्हणजे शब्द सुटे ऐकू येतात. समोर पत्र्याची शेड असेल तर स्पीकर किंचित आत वळवा, आवाज पत्र्यावर आपटून परत येतो. आजीची खाट पहिल्या रांगेत, एका स्पीकरजवळ टाका. पडद्याची चादर खालून बांबूला शिवून टाका, नुसत्या विटा ठेवून वाऱ्यात भागत नाही.

तापीकाठी

ब्लूटूथवर चालतील ना ते?

भुसावळ जंक्शन

नको. आवाज ओठांच्या मागे पडतो, आणि मग सगळे सिनेमा सोडून तेवढंच बघत बसतात. लांब वायर आणा. जाण्यायेण्याच्या वाटेवरून नेऊ नका, भिंतीच्या कडेने न्या, नाहीतर मध्यंतरात चहा घेऊन येणारा कुणीतरी अडखळतोच.