जंपर लावला आणि गाडीत भूत शिरलं: तुमचे अनुभव?

सुईदोरा
काल खाली पार्किंगमध्ये एक मुलगा दोन गाड्यांची तोंडं जुळवून, दातात मोबाईलचा टॉर्च धरून जंपर केबलचे चिमटे लावत होता, एकीच्या बॅटरीवर दुसरी सुरू करायला. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, "अरे, आधी अधिक-उणे बघ!" त्याने वर बघून हात हलवला, त्याला वाटलं मी ओळखीची. पण माझी झोप उडाली ती उडालीच.

सात-आठ वर्षं झाली. गाडी बरेच दिवस उभी, बॅटरी बसलेली, सेल्फ मारला की नुसतं टिकटिक. दीर त्याची गाडी आणि केबल घेऊन आला. मिट्ट काळोख. आमच्या बॅटरीला दोन्ही वायरी काळ्या, पण एकीवर लाल टेप. लाल म्हणजे अधिक, त्यात काय बघायचं? शेवटचा चिमटा टेकला आणि फाट्कन ठिणगी! चिमट्याचे दात बॅटरीच्या खांबाला चिकटले, जळक्या रबराचा वास. दीराने हिसडा मारून सोडवला. मग आम्ही एकमेकांकडे बघून म्हणालो, "काही नाही झालं."

चिमटे बदलून लावले तर गाडी चक्क सुरू झाली. पंधरा मिनिटांनी दिवे मिणमिणायला लागले, स्टिअरिंग दगडासारखं जड, मीटरवर एकेक करत सगळे दिवे, आणि भर चौकात बंद. अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) मोठा फ्यूज गेला होता, तो बोल्टने कसलेला असतो तो. म्हणजे गाडी इतका वेळ नुसत्या बॅटरीवर धावत होती. फ्यूज बदलला तरी चार्जिंग नाहीच. आतले डायोड गेलेले. शेवटी अल्टरनेटरच बदलला.

टेप कोणी लावली होती ते सांगते, बाळ उठलं.

किल्ली_हरवली
अगं टेपचं सांगून जा ना!!

उंटावरचा शहाणा
रंगावर जायचंच नाही. बॅटरीच्या डोक्यावर + आणि − कोरलेलं असतं, धुळीखाली दिसत नाही, फडक्याने पुसायचं. तेही गेलं असेल तर अधिकचा खांब उण्यापेक्षा किंचित जाड असतो.
आणि डायोड जाणारच. ते एका दिशेने प्रवाह सोडायला बसवलेले. बॅटरी उलटी जोडली की त्यांच्यासाठी तो सरळ रस्ता, अडवायला कोणी नाही. फ्यूज आधी उडाला तर नशीब, डायोड आधी उडाले तर खिसा.

मीठमिरची
आमच्याकडे चिमटे बरोबर लागले होते हो. गाडी सुरू झाल्यावर हे म्हणाले आता बॅटरीचं काय काम, आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर सोडली. दिवे एकदम लख्ख झाले, म्हटलं वा! दुसऱ्या क्षणी रेडिओ मुका. तो कायमचाच. एअरबॅगचा दिवा दीड महिना. ह्यांचं अजून म्हणणं की रेडिओ तसाही जाणार होता.

झोपाळू
ट्रकवाले दादा थांबले, देव त्यांचं भलं करो. ट्रकचे 24 व्होल्ट, माझ्या गाडीचे 12. दोन्ही हेडलाइट एका झटक्यात गेले.

उंटावरचा शहाणा
@झोपाळू ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. बाकी काही नाही उडालं?

झोपाळू
माझी झोप. नाव बदलायला हवं आता.

अडगळ
जरा अवांतर. बॅटरी पार मेल्यावर जंपर लावला, गाडी झकास सुरू, पण ड्रायव्हरची काच एका बटणात वर जाईना, स्टिअरिंगचा दिवाही पेटलेला. सगळ्यांनी घाबरवलं, कंप्युटर गेला म्हणून. दोन दिवस वर्कशॉपच्या बाकावर काढले. पोराने बटण दाबून काच पूर्ण वर नेली आणि बटण तसंच काही सेकंद धरून ठेवलं. झालं! बॅटरी गेली की काही गाड्यांची काच स्वतःची हद्द विसरते म्हणे. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्यावर तोही दिवा गेला. सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही, पुस्तिका बघा.

मीठमिरची
@अडगळ आमच्या मागच्या काचेला करून बघते. वर्षभर अर्धी उघडीच आहे, प्लॅस्टिक लावलंय.

अडगळ
वर्षभर?? ताई, ती मोटर असणार हो.

मीठमिरची
ह्यांना नका सांगू, उघडून बसतील.

घारपंख
माझ्या भावाने शेवटचा काळा चिमटा बॅटरीलाच लावला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली आणि वरचं झाकणच उडालं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, शर्टाला मात्र दुसऱ्या दिवशी भोकं. बसलेल्या गाडीचा काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतात, बॅटरीपासून लांब. मीही तेव्हाच शिकले.

किल्ली_हरवली
बापरे. बरा आहे ना आता?

घारपंख
हो गं. पण त्याची गाडी बंद पडली की अजून मलाच खाली पाठवतो.

नुसताच वाचक
माझ्या केबल साडूंनी नेल्या त्याला तीन वर्षं झाली. धाग्याशी संबंध नाही, राहवलं नाही.

सुईदोरा
आले. टेप ह्यांनीच लावलेली! उण्याच्या वायरीचं आवरण चिरलं होतं, घरात हाताला लाल टेप लागली, गुंडाळली. खरं कळलं ते नवा अल्टरनेटर बसल्यावर. "मी कुठे म्हटलं होतं ती अधिकची आहे?" असं वर मलाच.

मीठमिरची
हे सगळे एकाच कारखान्यात बनतात का?

किल्ली_हरवली
मी आत्ता खाली जाऊन बघून आले. दोन्ही वायरी काळ्या, खांबावर पांढरी-हिरवी पूड, + कुठेच दिसत नाही.

उंटावरचा शहाणा
मल्टीमीटर आहे का? लाल टोक ज्या खांबाला लावल्यावर आकड्याच्या आधी उणं चिन्ह येत नाही, तो अधिक. आकडाही बघा. गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास हवा, चालू केल्यावर साधारण 14. चालू असूनही वर चढला नाही तर चार्जिंग होत नाहीये.

किल्ली_हरवली
आहे आहे, बाबांचा. थांबा.

किल्ली_हरवली
त्याचाच सेल उतरलाय.

झोपाळू
जंपर लाव.