मदत हवी आहे: कारीच्या रेस ट्रॅकवर मी पुढे, बुद्धच्या ट्रॅकवर मित्र पुढे. लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ कुठली धरायची?

हुकलेली_लॅप: लवकर सांगा, शनिवारपर्यंत ट्रॅक डेचे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाचे) पैसे भरायचे आहेत. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर मी मित्राच्या दोन सेकंद पुढे होतो. मागच्या महिन्यात ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर त्याने मला चार सेकंदांनी मागे टाकलं. माणसं तीच, गाड्या त्याच. तो म्हणतो बुद्धचाच आकडा खरा, तिथे २०११ ते २०१३ एफ-वन (फॉर्म्युला वन) रेस झाली. पटत नाही.

घाटवाट: गाड्या कोणत्या?

हुकलेली_लॅप: माझी पोलो जीटी टीएसआय, त्याची ऑक्टाव्हिया आरएस २३०.

तिसरा_गिअर: मग उत्तर तिथेच आहे. बुद्धला तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभर सरळ रस्ता आहे, तिथे त्याच्या ऑक्टाव्हियाचे २३० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) मोकळे सुटतात. कारी लहान आणि आवळलेला ट्रॅक. जड गाडी तिथे ब्रेक आणि वळणांत वेळ घालवते, ताकद वापरायला जागाच मिळत नाही. शिवाय कारीची लॅप बुद्धच्या साधारण निम्म्या वेळात होते, म्हणजे कारीचे दोन सेकंद आणि बुद्धचे चार सारखेच. कुणीच कुणाला जास्त हरवलेलं नाही.

नॉर्डश्लायफवेडा: खरी कसोटी एकच, जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग ट्रॅक. चढउतार, उसळ्या, वेगवान वळणं, सगळं एका लॅपमध्ये.

घाटवाट: तिथेही घोळ आहेच. २०२१ मध्ये पोर्शे ९११ जीटी२ आरएसने (मांथाय या ट्यूनिंग कंपनीच्या किटसह) २०.८३२ किमीला ६:४३.३०० वेळ दिली, त्याच लॅपची जुन्या २०.६ किमीच्या मापाने ६:३८.८३५. गाडी एक, लॅप एक, फरक साडेचार सेकंद. घड्याळ कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं, एवढाच प्रश्न. पुण्याच्या माणसाला जर्मनीला काय पाठवता!

सरळसोट: मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स हा गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक आहे ना, ११.३ किमी.

तिसरा_गिअर: तो ओव्हल (लंबगोल) आहे हो, टॉप स्पीडसाठी. ब्रेक आणि वळणं तिथे कशी कळणार?

पॉलिसीवाला: ट्रॅकवर नेण्याआधी इन्शुरन्स वाचा. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग साध्या पॉलिसीत धरत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकाने बंपर, रेडिएटर सगळं खिशातून भरलं.

घाटवाट: धागा तुलनेचा आहे. हुकलेली_लॅप, टायर कोणते होते?

हुकलेली_लॅप: माझे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे ट्रॅक टायर). त्याचे शोरूममधून आलेलेच, पुढच्या दोन्ही टायरांचे खांदे घासून गुळगुळीत झालेले.

तिसरा_गिअर: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! कारीचे दोन सेकंद टायरचेही असू शकतात.

घाटवाट: आणि बुद्धला किती लॅप मारल्या? हवा कशी होती?

हुकलेली_लॅप: तो सकाळी आठला गेला, मी दुपारी एकला. तिसऱ्या लॅपपासून ब्रेकचं पेडल मऊ लागलं, पॅडचा जळका वास केबिनमध्ये. शिवाय एकदा लाइन (ट्रॅकवरचा नेहमीचा वेगवान मार्ग) सोडली, टायरला धूळ चिकटली आणि पुढची दोन वळणं पकडच नव्हती.

घाटवाट: मग दोन्ही आकडे सोडून द्या. पैसे कारीचेच भरा, जवळ पडेल. दोघांना सारखे टायर, एकाच सकाळी, आलटून पालटून पाच-पाच लॅप, एकच जीपीएस लॉगर (वेळ आणि वेग नोंदवणारं यंत्र). जमल्यास गाड्या बदलूनही चालवा. मग फक्त वेळ नको, कुठल्या वळणात कोण किती कमावतो ते बघा. आणि जिंकलात तरी ते कारीपुरतंच, बुद्धला तो पुन्हा पुढे जाऊ शकतो.

हुकलेली_लॅप: तो गाडी द्यायला तयार नाही. टायर मात्र घेतो म्हणाला. टायरमधल्या हवेचं प्रेशर टायर थंड असताना ठरवायचं की गरम झाल्यावर?

तिसरा_गिअर: गरम झाल्यावर. त्याची गाडी किती जड आहे ते लक्षात घ्या, दोघांना एकच आकडा लावू नका.