स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे उजळून घ्यावे का?

प्रश्न:
वडिलांच्या संग्रहात १९७२ सालचे, स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांनिमित्त काढलेले दहा रुपयांचे नाणे आहे. त्यावर संसद भवनासमोर तिरंगा धरलेली जोडी असून कडेने काळपट-निळसर झाक चढली आहे. ते उजळून घ्यावे, असे एका सराफाने सुचविले. तसे करावे का? शिवाय नव्या संसद भवनाचे २०२३ चे पंचाहत्तर रुपयांचे नाणे गुंतवणूक म्हणून घेणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
कृपया उजळू नका. हे नाणे साडेबावीस ग्रॅमचे असून त्यात निम्मी चांदी आहे, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. मोडीत घालायचे असेल तर झाक असली काय नि नसली काय, सराफाला फरक पडत नाही. संग्राहकाला मात्र पडतो, कारण चिंच, रांगोळी किंवा भांड्यांची पावडर लावली की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उमटतात आणि टांकसाळीतून निघतानाची मूळ चमक कायमची जाते. सावकाश चढलेली ही झाक जाणकार दोष मानत नाहीत. त्याच चित्राचे पन्नास पैशांचे तांबे-निकेलचे नाणेही त्या वर्षी निघाले होते. डब्यात तेही असेल तर जोडी जमेल.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत. नाणे हाताळताना केवळ कडेला धरावे. आरशासारख्या सपाटीवर दुधाळ उठाव असलेल्या प्रूफ (खास संग्राहकांसाठी घडवलेल्या) नाण्यावर बोटाचा ठसा एकदा बसला की तो सहसा निघत नाही.

प्रतिसाद ३:
दुसऱ्या प्रश्नाविषयी. २०२३ चे नाणे पस्तीस ग्रॅमचे, चव्वेचाळीस मिलिमीटर व्यासाचे आहे. त्यात पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी पाच टक्के. भारत सरकारच्या टांकसाळी अशी नाणी आगाऊ नोंदणी घेऊन दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किमतीला विकतात, आणि त्या किमतीत साडेसतरा ग्रॅम चांदीखेरीज घडणावळ आणि वेष्टनाचा खर्चही असतो. चांदीत पैसे गुंतवायचे असतील तर शुद्ध चांदी घ्यावी. संग्रहासाठी घ्यायचे असेल तर निःशंक घ्यावे, मात्र मूळ वेष्टन फोडू नये, कारण सुटे नाणे विकताना भाव पडतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. जुने नाणे सध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आहे. ते चालेल का?

प्रतिसाद २:
पाकीट पीव्हीसीचे असेल तर लगेच बदलावे. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यामुळे नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो.