रिफ्रेश मारलं की ४०४: हॅश लावून मोकळं व्हायचं की सर्व्हर नीट करायचा?

महापेचा_मध्या: वाशी मार्केटच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं वेब ॲप आहे आमचं, रिॲक्टमधलं (जावास्क्रिप्टची लायब्ररी). होमपेजवरून क्लिक करत गेलं की सगळं मख्खन, पण /बिल/४५ वर रिफ्रेश मारलं की थेट ४०४ (पान सापडलं नाही), कारण तो पत्ता पुशस्टेटने (पान न मागवता ब्राउझरच्या हिस्टरीत नवा पत्ता टाकणारी जावास्क्रिप्टची सोय) ब्राउझरमध्येच बनलेला, सर्व्हरवर तशी फाइलच नाही. माझं मत, हॅश राउटिंग (पत्त्यात # टाकून त्यापुढे पानाचं नाव) लावा नि मोकळे व्हा. हॅशच्या पुढचं सर्व्हरकडे जातच नाही, विषय संपला. लोक उगाच जुनाट म्हणून नाकं मुरडतात.

रबाळे_बॅकएंड: पळवाट आहे ही. उद्या लॉगिन ओऑथने (दुसऱ्या सेवेच्या खात्यातून आत यायची पद्धत) करायचं ठरलं की काय करशील, त्याच्या स्पेकमध्येच (नियमावलीत) लिहिलंय की रिडायरेक्टच्या, म्हणजे परत पाठवायच्या पत्त्यात फ्रॅगमेंट (# आणि त्यापुढचं) चालणार नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्राय-फाइल्सची एक ओळ टाक, फाइल नाही सापडली तर इंडेक्स डॉट एचटीएमएल (ॲपचं मुख्य पान) दे, झालं.

कोपरखैरणेची_टेस्टर: "एक ओळ, झालं" म्हणणाऱ्यांनीच आमच्या शुक्रवारांची वाट लावलीय हो. व्यापाऱ्याचा टॅब सकाळपासून उघडा, दुपारी तुम्ही नवी आवृत्ती डिप्लॉय करून जुन्या फाइली उडवल्या, तो रिपोर्टवर क्लिक करतो, ब्राउझर जुन्या नावाची जेएस (जावास्क्रिप्ट) फाइल मागतो आणि तुमचा सर्व्हर त्याला प्रेमाने इंडेक्सचं एचटीएमएल देतो, वर स्टेटस २०० (सगळं ठीक)! ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' (जेएसच्या जागी एचटीएमएल आलं) नाहीतर माइम टाइपची (फाइलचा प्रकार चुकल्याची) बोंब, स्क्रीन पांढरी फटक, आणि मॉनिटरिंगवर सगळं हिरवंगार. ॲसेट्सच्या (जेएस, चित्रं वगैरे) फोल्डरला तो नियम लावूच नका, तिथे खरं ४०४ येऊ दे, म्हणजे निदान कळतं तरी.

रबाळे_बॅकएंड: ॲसेट्सचं मान्य. पण मग कॅशही (ब्राउझरने फाइली साठवणं) नीट लावा, इंडेक्सला नो-कॅश (म्हणजे साठवायचं नाही असं नव्हे, दरवेळी विचारून वापरायचं) आणि नावात हॅश (इथे # नव्हे, मजकूर बदलला की बदलणारा कोड) असलेल्या फाइलींना वर्षभराचं मॅक्स-एज (साठवून वापरायची मुदत), ३१५३६००० सेकंद. जुन्या फाइली आठवडाभर राहू द्या की, डिस्क काय सोन्याची आहे?

घोडबंदर_काका: मूळात चार फॉर्म नि दोन रिपोर्टसाठी सिंगल पेज ॲप (एकदाच पान आणून पुढचं सगळं ब्राउझरमध्येच करणारं) हवंय कोणाला? सर्व्हरवरून साधी पानं द्या, बॅक-फॉरवर्ड आपोआप चालतं. बॅक दाबल्यावर अख्खं पान मेमरीतून परत देणारी कॅश क्रोमने अँड्रॉइडवर २०२० ला आणि डेस्कटॉपवर २०२१ ला आणली, ती फुकट मिळत असताना तुम्ही तेच हाताने लिहीत बसलाय.

महापेचा_मध्या: काका, गाळ्यात आत रेंज बघितलीय का कधी? प्रत्येक क्लिकला अख्खं पान मागवलं तर माथाडी गोणी उतरवून जातील तरी बिल उघडायचं नाही. आणि क्लायंटचं होस्टिंग शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आहे, एन्जिनएक्सला मला हातच लावता येत नाही.

रबाळे_बॅकएंड: तिथे अपाची (दुसरा वेब सर्व्हर) असेल तर एचटीॲक्सेसमध्ये (फोल्डरपुरत्या सेटिंगची फाइल) फॉलबॅकरिसोर्स (फाइल नसेल तर इंडेक्स द्यायचा तोच नियम) लिहिता येतं, विचारून तर बघ. ॲसेट्सच्या फोल्डरमध्ये वेगळी एचटीॲक्सेस टाकून ते डिसेबल कर, नाहीतर ताई परत ओरडतील.

कोपरखैरणेची_टेस्टर: ओरडणारच. अजून एक, /बिल/४५ उघडलं की लोगो गायब का होतो तर त्याचा पत्ता रिलेटिव्ह (चालू पत्त्यावरून धरला जाणारा) आहे, ब्राउझर तो /बिल/ च्या आत शोधतो. पुढे स्लॅश लावा नाहीतर एचटीएमएलमध्ये बेस टॅग (रिलेटिव्ह पत्ते कुठून धरायचे ते सांगणारा) द्या. आणि सर्चमध्ये "कांदा" टाइप करताना प्रत्येक अक्षराला पुशस्टेट मारलंय, व्यापारी बॅक दाबून दाबून कंटाळतो. तिथे रिप्लेसस्टेट (हिस्टरीत नवी नोंद न करता आहे तीच बदलणारं) हवं, मग हॅश लावा नाहीतर नका लावू.

महापेचा_मध्या: रिप्लेसस्टेट आजच टाकतो. हॅश मात्र होस्टिंगवाल्याचं उत्तर येईपर्यंत लावून ठेवणार.